घरातलं नाव, दारावरची पाटी

गेल्या पावसाळ्यात मी एका मुलावर संशय घेतला. त्याची ही गोष्ट.

आमच्या घरात इंटरनेटची पेटी बसवली, राउटर म्हणतात ती. शेजारचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याच्या घरी ही सोय नाही, म्हणून आमचा पासवर्ड त्याला दिला. संध्याकाळी जिन्यात बसून तो व्याख्यानं ऐकायचा. एकदा सहज मी राउटरचं पान उघडलं. पेटीला कोण कोण जोडलेलं आहे याची यादी तिथं असते. आमच्या घरातली उपकरणं तीन, त्याचा फोन चौथा. यादीत मात्र नोंदी अकरा! काही आटोपशीर, १९२.१६८ नं सुरू होणाऱ्या. बाकीच्या भलत्याच लांबलचक. आकडे, मधेच इंग्रजी अक्षरं आणि जागोजागी विसर्गासारखी दोन टिंबं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यातली एक बदललेली. तिसऱ्या दिवशी आणखी निराळी.

मला वाटलं, पोरानं पासवर्ड मित्रांत वाटला. रोज नवा कुणीतरी येऊन बसतोय. त्याला विचारलं नाही. पासवर्ड बदलून टाकला. त्यानंही विचारलं नाही. फक्त जिना रिकामा झाला.

चार दिवसांनी पुन्हा यादी पाहिली. नोंदी थोड्या कमी झाल्या होत्या, पण तो रोज नवं रूप घेऊन येणारा पाहुणा तिथंच होता! रविवारी पुण्याहून मुलगी आली. तिनं माझा फोन मागितला, सेटिंगमधलं एक पान उघडलं आणि यादीशेजारी धरलं. अक्षर न् अक्षर जुळलं. म्हणाली, "अब्बा, हे तुम्हीच आहात."

ज्या फोनवर मी कविता लिहितो, तोच माझ्या घरातला परका ठरला होता. मग हे पत्ते एवढे विचित्र का, याच्या मागे लागलो. मी बी. ए. माणूस, गणिताशी माझं फारसं सख्य नाही. पण पत्त्यांचं आणि कवींचं नातं जुनं आहे. १५ ऑगस्ट १९७२ला आपल्याकडे पिन कोड आला. तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर डाक-तार खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. सहा आकड्यांत त्यांनी देश बसवला. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. इंटरनेटच्या पत्त्याचीही चाल तशीच. डावीकडचा भाग मोहल्ल्याचा, उजवीकडचा घराचा.

जुन्या पत्त्याचा जन्म अमेरिकेतला. तिथल्या संरक्षण खात्याच्या पैशानं संगणकांची जाळी जोडण्याचे प्रयोग चालू होते. पत्ता किती लांब ठेवायचा, यावर वाद रंगला. अखेर १९७७च्या सुमारास व्हिंट सर्फ यांनी निर्णय दिला, ३२ बिट. म्हणजे शून्य किंवा एक अशी ३२ घरं. त्यातून पत्ते होतात ४२९ कोटींच्या घरात. त्या वेळी जगाची लोकसंख्याही साधारण तेवढीच होती. प्रयोगाला एवढे पुष्कळ झाले, असं सर्फ यांना वाटलं. हे त्यांनी स्वतःच पुढं अनेकदा सांगितलं आहे. १९८१ साली त्याचा नियम लिहिला गेला. १ जानेवारी १९८३ला अर्पानेट हे मूळ जाळं त्यावर आलं आणि प्रयोगाचं बिऱ्हाड कायमचं झालं. आपल्याकडची तात्पुरती पत्र्याची शेड अशीच पन्नास वर्षं उभी असते.

सुरुवातीला वाटपही सढळ हातानं झालं. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या एका संस्थेला १ कोटी ६७ लाख पत्ते, फोर्ड या मोटार कंपनीला तेवढेच. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमातर्फे. पंगत बसून बराच वेळ झाला होता आणि वाढपे हात आखडता घेऊ लागले होते.

टंचाईवर दोन उतारे निघाले. पहिला काटकसरीचा. काही पत्ते घरगुती वापरासाठी बाजूला काढले, १९२.१६८ नं सुरू होणारे त्यातलेच. १९९६च्या फेब्रुवारीत हा नियम आजच्या रूपात पक्का झाला. म्हणून माझ्या फोनचा जो पत्ता, तोच लाखो घरांतल्या कुठल्या ना कुठल्या फोनचा असतो. हे घरात हाक मारायचं नाव. बाळू म्हटलं की घरात एकच जण वळतो, पण बाळू एवढंच लिहून टपालात टाकलं तर पत्र पोचणार नाही. बाहेरच्या जगासाठी पाटी एकच, राउटरची. वसतिगृहाच्या पत्त्यावर आलेली पत्रं रेक्टर ज्याची त्याला देतो, तसं राउटर आतबाहेर पोचवतो. हा उतारा इतका चालला, की खरं औषध घ्यायचं लोकांनी लांबवलं.

खरं औषध १९९५च्या डिसेंबरातच कागदावर आलं होतं. जुना पत्ता चौथ्या आवृत्तीचा, हा सहाव्या. पाच हा आकडा एका वेगळ्या प्रयोगाला देऊन झाला होता. यात घरं १२८. पत्ते किती? ३४० लिहून पुढं ३६ शून्यं द्यायची. एवढी मोठी संख्या नेहमीच्या आकड्यांत फार लांबते, म्हणून ती सोळाच्या हिशेबानं लिहितात. नऊनंतर ए ते एफ ही सहा अक्षरं आकडे म्हणून येतात. चार-चारांचे आठ गट आणि मधे ती विसर्गाची टिंबं. ओळीनं शून्यं आली की ती गाळून टिंबांची जोडी लागोपाठ दोनदा द्यायची. ही सवलत एका पत्त्यात एकदाच. दोन ठिकाणी गाळलं तर कुठं किती गाळलं, ते कळणार कसं? उर्दू गझलेत गुरूचा लघु करायला मुभा असते, मराठीत डोळे वटारतात. हा नियम मला मराठी वळणाचा वाटला.

आता माझ्या यादीकडे येतो. नव्या पद्धतीत एका उपकरणाला एकच पत्ता, असं नसतं. एफई८० नं सुरू होणारा पत्ता फोन जाळ्यात येताच स्वतःच तयार करतो आणि तो उंबरठ्याबाहेर जात नाही. तो दिसला तर घाबरायचं कारण नाही. जुन्या पद्धतीत १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला, तर मात्र बहुधा राउटरकडून पत्ता मिळाला नाही असं समजावं.

दोननं सुरू होणारे लांब पत्ते सगळ्या जगात चालणारे. इथंच माझा परका पाहुणा लपला होता. आरंभी या पत्त्याच्या उत्तरार्धात उपकरणाचा कारखान्यातला क्रमांक गुंफत. मग संगणक कुठंही न्या, पत्त्याचं शेपूट तेच. त्या शेपटावरून माणसाचा माग काढता येईल, ही भीती रास्त होती. म्हणून २००१च्या जानेवारीत नवा नियम आला. बाहेर बोलताना उपकरणानं तात्पुरता पत्ता घ्यावा आणि तो साधारण दिवसाकाठी बदलावा. माझा फोन माझ्यावर कुणी पाळत ठेवू नये म्हणून रोज नाव बदलत होता, आणि मी त्या नावावर पाळत ठेवून बसलो होतो!

जुन्या पत्त्यांचे शेवटचे पाच गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ला मायामीत वाटले गेले. नेहमीचं वाटप सर्वांत आधी थांबलं आपल्याच आशिया-पॅसिफिक विभागात, त्याच एप्रिलमध्ये. त्यामुळेच आपली घाईही मोठी. २०१६च्या सप्टेंबरात रिलायन्स जिओची मोबाइल सेवा सुरू झाली, ती नव्या पत्त्यांची कास धरूनच. आज गूगलच्या मोजणीत भारतातले निम्म्याहून अधिक वापरकर्ते नव्या पत्त्यानं येतात. पंगतीत उशिरा आलेल्यांना ताजा स्वयंपाक मिळाला.

मुलगी परत गेल्यावर मी नवा पासवर्ड कागदावर लिहिला आणि शेजारी गेलो. मुलगा दारातच भेटला. "चाचा, वाचनालयात जागा मिळालीय मला," म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण कागद त्यानं उघडून पाहिला नाही. नुसता खिशात ठेवला.

त्याच्या फोनची नोंद आता मला ओळखता येते. रोज सकाळी यादी उघडतो. अजून ती आलेली नाही.