हातच्याचे मूल्य : आणे-पैपासून दशांशापर्यंत

साकोली तालुक्यातील सानगडी हे गाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, देशभर दशमान नाणेपद्धती अमलात आली. पहिल्या घटनेने गावाचे राज्य बदलले. दुसरीने हिशेबातील हातचा बदलला. ह्या दुसऱ्या बदलाची खूण भाषेने जपली आहे.

जुन्या पद्धतीत एक रुपया म्हणजे १६ आणे व एक आणा म्हणजे १२ पै. ५ रुपये ३ आणे ६ पै यांतून २ रुपये ७ आणे ९ पै वजा करावयाचे आहेत असे समजू. ६ मधून ९ जात नाहीत. म्हणून आण्यांकडून एक उसना घ्यावयाचा. तो पैच्या घरात १२ होऊन येतो. १८ मधून ९ गेले, ९ उरले. आता आणे दोनच. रुपयांकडून घेतलेला एक येथे १६ होतो. १८ मधून ७ गेले, ११ उरले. बाकी २ रुपये ११ आणे ९ पै. एकाच वजाबाकीत उसना एक कधी बारा, तर कधी सोळा! हे मूल्य मांडणीत कोठेच दिसत नसे. ते मुखोद्गत असावे लागे.

५.२० मधून २.४५ वजा करताना मात्र उसना एक प्रत्येक घरी दहाच होतो. दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह आले आणि ५.२ च्या पुढील रिकामे घर शून्याने भरले की उरलेले काम स्थानच करते; बाकी २.७५ येते. हे तत्त्व नवे नव्हते. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त व्यवकलन स्थानानुसारच सांगितले आहे. पूर्णांक दशमानात व पैसा मात्र सोळाच्या मानात, ही विसंगती १९५७ साली मिटली.

तथापि, सोळाचे चार वेळा निमे करता येते, दहाचे एकदाच. पावकी-निमकीच्या पाढ्यांना अनुकूल असलेली ही सोय नव्या मानात उरली नाही. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. म्हणून सरकारी कोष्टकात १ आण्यास ६, २ आण्यांस १२, ३ आण्यांस १९ व ४ आण्यांस २५ नवे पैसे धरले गेले.

भाषेने केलेली निवड येथेच लक्षात येते. ‘चार आणे’, ‘आठ आणे’, ‘बारा आणे’ ही रकमांची नावे दशमान नाण्यांच्या काळातही बोलण्यात टिकली. कारण २५, ५० व ७५ ह्या संख्यांत अपूर्णांक उरत नाही. ‘तीन आणे’, ‘पाच आणे’ यांना असा आधार नव्हता. ती व्यवहारातून गळली. २५ पैशांचे नाणे २०११ साली चलनातून गेले. तरी संपूर्ण सत्यास मराठी माणूस आजही ‘सोळा आणे खरे’ म्हणतो. नाणेपद्धतीने आणा वजा केला. ही बाकी भाषेच्या खाती राहिली.