वक्ता-ध्वनी विलगीकरण
एकाच ध्वनिमुद्रणात मिसळलेले अनेकांचे आवाज वेगळे काढण्याची प्रक्रिया. गर्दीत एकाचेच बोलणे माणसाचा कान कसे टिपतो, याचा अभ्यास कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन मायक्रोफोन असल्यास आवाज पोहोचण्यातील सूक्ष्म कालांतरावरून दिशा कळते. एकच असल्यास स्वराची उंची आणि नाद यांवर भिस्त. आता हे काम न्यूरल नेटवर्क करतात, तरी वेगळा झालेला आवाज हा अंदाजच असतो. सारख्या पट्टीतले दोघे एकदम बोलले की हा अंदाज चुकण्याची शक्यता वाढते. म्हणून न्यायवैद्यक तपासणीत मूळ मुद्रणच महत्त्वाचे. दिल्लीत सीबीआयच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत अशी आवाज-तपासणी होते. तुलनेसाठी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आता तशी तरतूद आहे.