मिशिगन सरोवरांतील एक रात्र आणि दिव्यांचा कायदा

'सरोवर' हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें कमळें, हंस आणि निवांत पाणी उभें राहतें. संस्कृत कवींनीं या शब्दावर इतके शांत संस्कार करून ठेविले आहेत कीं, सरोवरांत वादळ होऊं शकतें, आणि त्या वादळांत एका रात्रींत तीनशें माणसें मरूं शकतात, ही गोष्ट मराठी कानास विसंगत वाटते. उत्तर अमेरिकेंतील पांच महासरोवरांना हा शब्द लावतांना मात्र त्यांतलीं सारीं कमळें आधीं खुडून टाकावीं लागतात. त्यांपैकीं मिशिगन सरोवर दक्षिणोत्तर ३०० मैलांहून अधिक लांब असून त्याची रुंदी कांहीं ठिकाणीं १०० मैलांवर जाते. या कांठावरून तो कांठ दिसत नाहीं. पाणी गोडें आणि भरती-ओहोटी नांवापुरती, एवढ्या दोन गोष्टी सोडल्या तर तो एक समुद्रच होय. किंबहुना खलाशाच्या दृष्टीनें तो समुद्राहूनहि कपटी. महासागराच्या लाटा लांब व संथ असतात. येथील लाटा आखूड, उभ्या आणि एकीमागून एक लगोलग येणाऱ्या. शिवाय वादळ उठलें असतां मोकळ्या पाण्यांत दूर निघून जावें म्हटलें तर तेवढी जागा नसते. वारा ज्या दिशेला लोटीत असेल त्या दिशेला कोणता ना कोणता किनारा जवळ असतोच.

ही गोष्ट अमेरिकेच्या न्यायालयांनाहि उशिरांच पटली. जेथवर भरतीचें पाणी चढतें तेथवरच नौकाविषयक न्यायाधिकार चालतो, हा इंग्लंडांतला जुना नियम त्यांनीं जसाच्या तसा उचलला होता. ओंटॅरिओ सरोवरांत १८४७ सालीं 'जेनेसी चीफ' या आगबोटीनें 'क्यूबा' नांवाच्या शिडाच्या गलबतास धडक देऊन बुडविलें. त्या खटल्याचा निकाल देतांना १८५२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो नियम टाकून दिला आणि हीं सरोवरें म्हणजे देशाच्या पोटांतले समुद्रच आहेत असें ठरविलें. न्यायाधिकाराचा प्रश्न असा सुटला. परंतु रात्रीं या समुद्रांवर एकमेकांस ओळखण्याची दिव्यांची भाषा नीट ठरण्यास आणखी बारा वर्षें आणि एक काळरात्र लागली. तिचीच हकीगत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

'लेडी एल्गिन' ही लांकडी आगबोट १८५१ सालीं बफेलो येथें बांधली गेली. दोन्ही कुशींस मोठालीं चाकें, वर प्रशस्त दिवाणखाना, असा तिचा थाट होता. नांव ठेविलें होतें तें कॅनडाचे त्या वेळचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड एल्गिन यांच्या पत्नीचें. हेच लॉर्ड एल्गिन १८६२ सालीं हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आले आणि पुढच्याच वर्षीं धर्मशाळेस वारले. कॅनडांत जन्मलेला त्यांचा मुलगा १८९४ सालीं त्याच पदावर बसला. पुण्याचा प्लेग, रँडचा वध आणि टिळकांवरील पहिला राजद्रोहाचा खटला हीं सारीं त्याच्याच अमदानींतलीं. ज्या बाईचें नांव मिशिगनच्या तळाशीं गेलें, तिच्या घराण्याचें नांव महाराष्ट्राच्या इतिहासांत असें अप्रिय रीतीनें येऊन गेलेलें आहे. पण हें विषयांतर झालें.

१८६० सालच्या सप्टेंबरांत या बोटीवर शेंकडों माणसें कां चढलीं, याचें कारण राजकारणांत आहे. अमेरिका तेव्हां यादवीच्या उंबरठ्यावर उभी होती. पळून आलेले गुलाम पकडून मालकांच्या हवालीं करण्याचा मध्यवर्ती सरकारचा कायदा विस्कॉन्सिन राज्यास मान्य नव्हता. उद्यां राज्य आणि राष्ट्र यांच्यांत झगडा जुंपला तर तुम्ही कोणाच्या बाजूस उभे राहाल, असा प्रश्न गव्हर्नर अलेक्झांडर रँडॉल यांच्या सरकारनें स्थानिक पलटणींना विचारला. मिलवॉकी शहराच्या तिसऱ्या विभागांत गरीब आयरिश लोकांची वस्ती होती. त्यांच्या 'युनियन गार्ड' या पलटणीचा कप्तान गॅरेट बॅरी यानें उत्तर दिलें कीं, राष्ट्राविरुद्ध उभें राहणें हा राजद्रोह होईल. बॅरी कांहीं गुलामगिरीचा कैवारी नव्हता. पण राज्यसरकारनें पलटणीचीं हत्यारें काढून घेतलीं. नवीं हत्यारें विकत घ्यावयाचीं तर पैसा हवा, आणि पैसा उभा करण्यासाठीं शिकागोची जलसफर काढावयाची, असें ठरलें. पलटणीचे लोक, त्यांचे नातलग, मित्र, बायका, मुलें अशीं सारीं निघालीं. तत्त्वासाठीं जमविलेल्या वर्गणीचा इतका दारुण शेवट इतिहासांत क्वचितच झाला असेल.

७ सप्टेंबरचा दिवस शिकागोंत मिरवणूक आणि मेजवानी यांत गेला. रात्रीं साडेअकराच्या सुमारास कप्तान जॅक विल्सन यानें बोट उत्तरेकडे, मिलवॉकीच्या दिशेनें हांकारली. परतणाऱ्या मंडळींत इतरहि उतारू मिसळले होते. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हें सुप्रसिद्ध सचित्र साप्ताहिक १८४२ सालीं काढणारे, ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद हर्बर्ट इन्ग्रॅम हे आपल्या मुलासह त्यांत होते. खालच्या मजल्यावर गुरें होतीं; वर दिवाणखान्यांत जर्मन वाजंत्र्यांच्या तालावर नाच चालला होता. मध्यरात्रीनंतर ईशान्येचा वारा जोराचा झाला, पाऊस आणि विजा सुरू झाल्या. त्याच वेळीं लांकडांनीं भरलेलें 'ऑगस्टा' हें शिडांचें गलबत उत्तरेकडून शिकागोकडे येत होतें. त्याचा कप्तान डॅरियस मॅलॉट. पहांटे अडीचच्या सुमारास 'ऑगस्टा'ची नाळ 'लेडी एल्गिन'च्या डाव्या कुशींत, चाकाजवळ घुसली.

येथें थोडें थांबणें अवश्य आहे. आगबोटीचे दिवे 'ऑगस्टा'वरील दुय्यम अधिकाऱ्यास दिसले नव्हते असें नाहीं. धडकेच्या बऱ्याच मिनिटें आधीं ते दिसले होते. मग त्यानें वेळींच गलबत कां वळविलें नाहीं? मिलवॉकींतील शोकाकुल लोकांनीं याचें उत्तर एका शब्दांत दिलें: हरामखोरी. आमच्या मतें उत्तर इतकें सोपें नाहीं. आगबोट आणि शिडाचें गलबत समोरासमोर आलीं तर आगबोटीनें बाजूस व्हावें आणि गलबतानें आपला मार्ग सोडूं नये, हा दंडक होता, आणि १८५० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें होतें. वाऱ्याचा गुलाम असलेल्या गलबतापेक्षां यंत्रानें चालणारी बोट वळण्यास सोपी, हा त्यांतला न्याय निर्विवाद आहे. परंतु बाजूस होण्याचा भार ज्याच्या शिरावर, त्यास समोरचें गलबत दिसलें तर पाहिजे! दिसत होतें तें एकास, आणि वळावयाचें होतें दुसऱ्यानें. दिवसां हा नियम शहाणपणाचा. अंधाऱ्या, पावसाळी रात्रीं तोच नियम आंधळ्यास वाट सोडण्याचा हुकूम करीत होता.

शिडांच्या गलबतांना त्या काळीं दिव्यांचें कायद्यानें बंधनच नव्हतें, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें अक्षरशः खरें नाहीं. सरोवरांपुरता एक कायदा १८४९ सालीं झालेला होता. वारा उजव्या कुशीवर घेऊन जाणाऱ्या गलबतानें लाल, डाव्या कुशीवर घेणाऱ्यानें हिरवा, आणि वाऱ्यापुढें मोकळें धांवणाऱ्यानें अगर नांगर टाकून उभें असलेल्यानें पांढरा दिवा दाखवावा, असें त्यांत म्हटलें होतें. वाचकांनीं या नियमाचा क्षणभर विचार करावा. धांवतें गलबत आणि नांगरलेलें गलबत यांस एकच पांढरा दिवा! शिवाय दिवा सांगणार तो वारा कोणत्या बाजूचा आहे हें. गलबताचें तोंड कोणीकडे आहे हें नव्हे. ईशान्येच्या वाऱ्यावर दक्षिणेकडे धांवणाऱ्या 'ऑगस्टा'च्या वाट्यास पांढरा दिवाच आला असता, आणि तो कोणी पाहिला असता तरी त्यावरून काय समजावें, हें त्यास कळलें नसतें. कायदा नव्हता यापेक्षां हें अधिक वाईट, असें आम्हांस वाटतें. कारण कायदा झाला या समाधानांत लोक अकरा वर्षें स्वस्थ बसले.

धडक झाली आणि वाऱ्यानें दोन्ही जहाजें वेगळीं केलीं. मॅलॉटच्या गलबताची नाळ मोडली होती. आगबोटीस फारसें लागलें नसेल अशा समजुतीनें तो शिकागोकडे निघून गेला. इकडे विल्सननें कुशींतलें भगदाड पाण्याच्या वर यावें म्हणून गुरें आणि माल पाण्यांत लोटविला. भोंक किती मोठें आहे हें पाहण्यासाठीं एक होडी खालीं सोडली. ती परत बोटीस लागूंच शकली नाहीं. बुडत्या जहाजाच्या मोजक्या होड्यांपैकीं एक अशी पाहणी करण्यांतच गेली. प्रत्येक उतारूमागें एक तरंगतें साधन ठेवण्याची सक्ती १८५२ च्या कायद्यानें केली होती. पण ऐन वेळीं त्या साधनांचा उपयोग जवळजवळ झालाच नाहीं. वीसेक मिनिटांत बोट दुभंगली. मधून मधून चमकणारी वीज हाच काय तो प्रकाश. वरच्या तक्तपोशीचे मोठमोठे तुकडे सुटून त्यांचे तराफे झाले आणि शेंकडों माणसें त्यांस बिलगलीं. वाजंत्र्यांपैकीं एकजण आपल्या मोठ्या ढोलावर तरंगून वांचला.

खरा अनर्थ पुढेंच झाला. बोट बुडतांना जितकीं माणसें गेलीं तितकींच नव्हे. रात्रभर लाटांशीं झगडून उजाडतां उजाडतां जमिनीच्या दृष्टिपथांत आलेलीं कित्येक माणसें किनाऱ्यावर गेलीं. शिकागोच्या उत्तरेस विनेट्का गांवाजवळ सरोवराचा कांठ उंच मातीच्या कड्यांचा आहे. ईशान्येच्या वाऱ्यानें तेथें लाटा उंच उठून फुटत होत्या. तराफा त्या पट्ट्यांत शिरला कीं उलटे, माणसें लाटेच्या तळीं जात, आणि परतणारें पाणी त्यांस पुन्हां आंत ओढी. आपल्या तराफ्यावरील लोकांस रात्रभर धीर देत आलेला कप्तान विल्सन येथेंच, दोन स्त्रियांस वांचविण्याच्या प्रयत्नांत मेला. बॅरी गेला, इन्ग्रॅम आणि त्यांचा मुलगाहि गेले. उतारूंची खरी संख्या कधींच निश्चित झाली नाहीं. मृत सुमारें ३००, आणि जिवंत राहिलेले शंभराच्या आंतबाहेर, असा साधारण अंदाज आहे. तिसऱ्या विभागांतील कित्येक घरांतून एकाच दिवशीं अनेक प्रेतें निघालीं.

जवळच्या एव्हन्स्टन येथील विद्यालयांचे विद्यार्थी बातमी लागतांच कड्यांवर धांवले. त्यांतील एडवर्ड स्पेन्सर नांवाचा धर्मशास्त्राचा विद्यार्थी कमरेस दोर बांधून त्या लाटांत पुन्हां पुन्हां शिरला. दोराचें दुसरें टोंक कांठावरच्यांच्या हातीं. पाण्यांत वाहात आलेल्या फळ्या त्याच्या डोक्यास लागत होत्या. सुमारें सहा तासांत त्यानें १७ जीव बाहेर काढले. त्याची प्रकृति मात्र कायमची ढासळली. १९१७ सालीं तो वारला. आपल्याकडून होतें तितकें आपण केलें ना, असें तो त्या दिवशीं ग्लानींत पुन्हां पुन्हां विचारीत होता, अशी आख्यायिका त्याच्याविषयीं रूढ आहे.

चौकशी झाली. दोषाचा मोठा वांटा 'ऑगस्टा'च्या दुय्यम अधिकाऱ्यावर पडला. मॅलॉटला शिक्षा झाली नाहीं. मिलवॉकीच्या लोकांस हें कधींच रुचलें नाहीं, आणि त्यांच्या जागीं आम्ही असतों तर आम्हांसहि रुचलें नसतें. 'ऑगस्टा'च्या मालकांनीं गलबताचें नांव बदलून 'कर्नल कुक' ठेविलें. इकडे दोन महिन्यांत लिंकन निवडून आले, पुढच्या वसंतांत यादवी पेटली, आणि ज्या हत्यारांसाठीं ती सफर निघाली होती त्यांची मग देशांत कोठेंच वाण राहिली नाहीं.

दिव्यांचा नवा कायदा यादवी चालू असतांनाच, २९ एप्रिल १८६४ रोजीं मंजूर झाला. इंग्लंड व फ्रान्स यांनीं नुकतेच ठरविलेले नियम त्यांत घेतले होते. त्याअन्वयें प्रत्येक चालत्या गलबतानें, मग तें वाफेचें असो वा शिडाचें, डाव्या कुशीस लाल आणि उजव्या कुशीस हिरवा असे दोन दिवे रात्रभर ठेवावयाचे. आगबोटीनें शिवाय डोलकाठीवर पांढरा. हे कुशीचे दिवे असे आडोशांत बसवितात कीं, ते समोरून आणि आपापल्या बाजूनेंच दिसावेत. त्यामुळें अंधारांत केवळ लाल दिसला तर समोरच्याची डावी कूस आपल्याकडे आहे हें कळतें. केवळ हिरवा दिसला तर उजवी. आणि दोन्ही एकदम दिसले तर तें जहाज नीट आपल्याच रोखानें येत आहे. वारा कोठून वाहतो याशीं या दिव्यांस कांहीं कर्तव्य नाहीं. विचारांतला हा बदल लहान दिसतो. पण 'लेडी एल्गिन'च्या सुकाणूवाल्यास त्या रात्रीं हवें होतें तें नेमकें हेंच. १८४९ ते १८६४ या पंधरा वर्षांत कांच, तेल अगर वात यांत कोणताहि नवा शोध लागण्याची जरूर नव्हती.

किनाऱ्यावरील मृत्यूचें उत्तर दिव्यांच्या कायद्यांत नव्हतें. तें एव्हन्स्टनच्या लोकांनीं शोधलें. ग्रोस पॉइंट येथील दीपगृह १८७४ सालीं पेटलें. त्याआधीं १८७१ सालीं नौदलानें नॉर्थवेस्टर्न विद्यापीठास लाटांत चालणारी एक जीवरक्षक होडी दिली, आणि विद्यार्थीच तिचे वल्हेकरी झाले. पुढें तेथें सरकारी ठाणें झालें, तरी हाताखालचे वल्हेकरी विद्यार्थीच राहिले. २८ नोव्हेंबर १८८९ रोजीं 'कॅल्युमेट' नांवाची आगबोट हिमवादळांत फोर्ट शेरिडनजवळ रुतली, तेव्हां लॉरेन्स लॉसन या नायकाच्या हाताखालीं या तरुणांनीं तिच्यावरील अठराहि माणसें बाहेर काढलीं. त्यांस सुवर्णपदकें मिळालीं. १८६० सालीं दोर होता तेथें आतां होडी होती, आणि ती हांकारण्याचा रोजचा सराव होता.

मॅलॉट १८६४ सालींच 'मोहावी' नांवाच्या दुसऱ्या गलबतासह सरोवरांत नाहींसा झाला. 'लेडी एल्गिन'चे अवशेष १८६० पासून १२९ वर्षें कोणाच्या दृष्टीस पडले नाहींत. १९८९ सालीं ते हायवुड गांवासमोर सांपडले. ते विमाकंपनीचे, सांपडविणाऱ्याचे कीं इलिनॉय राज्याचे, याविषयीं खटले सुरू झाले, आणि ते सुमारें दहा वर्षें चालले.