गोड टोकाची सिगार

गेल्या दिवाळीत भाचा अमेरिकेहून आला तो दोन सिगार घेऊन. "मामा, ओढून तर बघ. साधी नाहीये, स्वाद मुरवलेली आहे." नाव काय, तर 'अ‍ॅसिड'! आपल्याला अ‍ॅसिड म्हटलं की बाथरूम आठवतं. :) हे म्हणे कंपनीवाल्यांच्या एका मित्राचं टोपणनाव.

रात्री गच्चीवर बसलो. ओठाला टोक लागलं आणि चक्क गोड लागलं! मग धूर... आधी धूपासारखा, मग कसलीशी फुलं, मागून लवंगेची आठवण, आणि सगळ्यात शेवटी तंबाखू. खोटं कशाला बोलू, आवडली.

ही सिगार निकाराग्वातल्या एस्तेली गावची. त्या गावात ही विद्या आली क्यूबातून. 1959 च्या क्रांतीनंतर तिथले कारखाने सरकारने घेतले, आणि तंबाखूतली जाणती माणसं बाहेर पडली. 1962 मध्ये केनेडींनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. (सही करण्याआधी स्वतःसाठी हजारावर सिगार मागवून घेतल्या, असं त्यांच्या सचिवानेच पुढे सांगितलंय!) त्या माणसांपैकी काहींना एस्तेलीची माती आपल्यासारखी वाटली. मग 1978-79 च्या यादवीत गावावर बॉम्ब पडले. 1985 ते 1990 अमेरिकेची बंदी निकाराग्वावरच आली. एवढं सोसलेल्या गावात 1998 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या दोन पोरांचा धंदा आला. त्याआधी त्यांचा वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये सिगारचा छोटा स्टॉल होता. त्यांनी तंबाखू वनस्पती आणि तेलांच्या वासात मुरवायला ठेवली. हीच ती ड्रू इस्टेट.

शुद्ध तंबाखूचे भक्त या सिगारला नाकं मुरडतात. मला त्याची गंमत वाटते. 1604-05 च्या सुमारास असद बेगने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबरापुढे ठेवली. हकीम नको नको म्हणत असताना बादशहाने दोन झुरके घेतलेच. पुढे हुक्क्याच्या तंबाखूत आपण गूळ कालवला. म्हणजे गोडवा काही न्यूयॉर्कचा शोध नव्हे.

पण गोडव्याचा हिशेबही आहेच. मुलं त्याला भुलतात म्हणून अमेरिकेने 2009 मध्ये मेंथॉल वगळता स्वादाच्या सिगारेटी बंद केल्या. सिगार सुटल्या. त्यांच्यासाठी 2022 मध्ये आलेला बंदीचा प्रस्ताव जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला गेला.

"मामा, धूर छातीत घ्यायचा नाही हं, तोंडातच घोळवायचा," भाचा शिकवत होता. मला आधी बरं वाटलं. आणि मग एकदम अण्णा आठवले. त्यांनी तरी कुठे छातीत घेतली होती? तंबाखू-चुना, तोही तोंडातच, गालाशी. ऑपरेशननंतर शेवटची दोन वर्षं त्यांचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं. आई भात मिक्सरमधून काढून चमच्याने भरवायची.

तेवढ्यात आईच वर आली. "उदबत्ती कुणी लावली रे इथे?"

आम्ही दोघंही गप्प. तिने माझ्या हाताकडे बघितलं, काही बोलली नाही, वाळत घातलेले कपडे काढून खाली गेली.

अर्धी सिगार तशीच विझू दिली. दुसरी भाच्याला परत दिली.