मोमिनाबादचा तास

बालाघाटाच्या माथ्यावर वसलेल्या अंबाजोगाईस, जिला निजामाच्या दप्तरात मोमिनाबाद असे नाव होते, मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फार जुना मान आहे. 'विवेकसिंधू'कार मुकुंदराजांची समाधी तेथे आहे, आणि पासोडीच्या वस्त्रावर 'पंचीकरण' लिहिणाऱ्या दासोपंतांचे वास्तव्यही तेथेच झाले. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच परिसरातील मुलगा सरकारी 'मदरसे फौकानिया'त, म्हणजे हायस्कुलात, दाखल झाला की गणित, भूगोल आणि इतिहास हे सारे विषय त्याच्यापुढे उर्दूतून येत, आणि ज्या भाषेत आईने त्याला हाक मारली ती भाषा वेळापत्रकातील एखाद्या तासापुरती उरे.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही तीच उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून स्वीकारली. भारतीय भाषेतून विज्ञान आणि वैद्यक शिकविण्याचा हा प्रयोग स्वतःपुरता थोर होता, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. मात्र मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने एका परक्या भाषेची जागा दुसरीने घेतली, एवढाच त्याचा अर्थ होता. म्हणूनच हैदराबादची विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या खासगी शाळा समाजाने पदरमोड करून उभ्या केल्या आणि तालीमात, म्हणजे शिक्षण, खात्याच्या परवानगीची टांगती तलवार डोक्यावर असतानाही चालविल्या.

या शाळांतील तासाचे मोल जाणून घ्यावयाचे तर त्या काळच्या 'गश्ती निशाण 53' या फर्मानाचे स्मरण ठेवले पाहिजे. त्या गश्तीनुसार सार्वजनिक सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे, आणि ती मिळणे न मिळणे अंमलदाराच्या मर्जीवर असे. जेथे चार प्रौढांनी एकत्र बसून लोकहिताचा विचार करणे संशयास्पद ठरत होते, तेथे शाळेची घंटा मात्र दररोज सभेच्या परवान्याविना वाजत होती आणि चाळीस-पन्नास तरुण मने एका छपराखाली एकत्र येत होती. ज्या तासात विद्यार्थी उठून 'असे का?' म्हणून विचारू शके, तो तास, माझ्या मते, त्या प्रदेशातील नागरिकत्वाची पहिली पाठशाळा होता.

1935 साली, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतील अध्यापनानंतर, स्वामी रामानंद तीर्थ या योगेश्वरी शाळेत आले. लोकमान्यांच्या निधनाची वार्ता ऐकून विद्यार्थिदशेतच आजन्म ब्रह्मचर्य व देशसेवा यांचे व्रत घेतलेला, कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्यासमवेत कार्य केलेला आणि पुढे संन्यास स्वीकारलेला हा पुरुष मुलांपुढे खडू घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याचे आचरण हाच त्याच्या पाठाचा मुख्य भाग झाला. ज्ञान विकावयाचे नसते, निर्भयता घोकून येत नाही आणि जो स्वतः शिस्त पाळतो त्यालाच ती इतरांकडून मागण्याचा अधिकार पोहोचतो, ही शिकवण अशा गुरुजनांच्या सहवासातूनच विद्यार्थ्याच्या अंगी मुरते.

या शिकवणीची कसोटी लवकरच लागली. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी कारावासात गेले. त्याच वर्षी औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी वसतिगृहे आणि महाविद्यालये सोडणे पत्करले. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडच्या मतदारांनी स्वामीजींचे सहकारी शिक्षक बाबासाहेब परांजपे यांना लोकसभेवर पाठविले. एका संबंध जिल्ह्याने आपल्या शिक्षकवर्गाला दिलेली ती पावतीच होय.

त्या तासाचा आणखी एक संस्कार मला विशेष मोलाचा वाटतो. उर्दूच्या सक्तीविरुद्ध झगडलेल्या पिढीने उर्दूचा द्वेष केला नाही. जुनी महसुली कागदपत्रे वाचताना, वकिली करताना, मुशायरा ऐकताना ती भाषा त्यांनी प्रेमाने बाळगली, कारण स्वभाषेचा अभिमान आणि परभाषेविषयीचा आदर एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे ते शाळेतच शिकले होते. आज बीड जिल्ह्यात गावोगावी मराठी शाळा आहेत आणि सभेला त्या फर्मानाची आडकाठी नाही. अशा वेळी प्रश्न विचारण्याचे जे स्वातंत्र्य त्या जुन्या वर्गांनी दडपणाखाली जपले, ते आपल्या वर्गांत मुलांना मोकळ्या मनाने देणे, हे त्या शिक्षकांचे आपल्यावरील ऋण आहे आणि ते फेडणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.