१९८२ : गाजलेल्या बातम्या आणि आपल्या कामाच्या बातम्या



देशाचा इतिहास सांगताना आपण नेहमी राजे, लढाया आणि पंतप्रधान मोजतो. आजच्या भागात आम्ही एकच साल घेतलं आहे, १९८२. आपल्या गटांत आज साठी ओलांडलेल्या ज्या ताई-मावश्या आहेत, त्यांतल्या कितीतरी जणी त्या सुमारास लग्न होऊन सासरी आल्या. म्हणजे हे साल काही फार लांबचं नाही. पण १९८२ म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात : मुंबईचा गिरणी संप आणि दिल्लीचं एशियाड. आपल्या बचत गटाचं, जमिनीचं आणि मताचं पुढे काय झालं, त्याचे धागेही याच सालात सापडतात.

घराजवळून सुरुवात करू. आज घोडबंदर रोड म्हटलं की टॉवर, मेट्रोचे खांब आणि ट्रकची रांग डोळ्यांपुढे येते. तेव्हा माजिवड्यापासून कासारवडवली, ओवळ्यापर्यंत गावं होती. भाताची खाचरं होती, खाडीवर मासेमारी होती. येऊरच्या डोंगरातून आदिवासी बाया रानभाजी आणि लाकडाच्या मोळ्या घेऊन ठाण्याच्या बाजाराला उतरायच्या. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची तीसहून अधिक गावं तिच्या हद्दीत आली. पुढच्याच वर्षी कल्याणचीही महानगरपालिका झाली.

हद्द बदलली की काय बदलतं? पाणी कुठून येणार, कर कुणाला भरायचा, दाखल्यासाठी कोणतं दार ठोठवायचं, हे सगळं बदलतं. ठाण्याला पहिली महापालिका निवडणूक पाहायला मिळाली ती १९८६ साली. त्या वेळी पालिकेत बायकांसाठी एकतृतीयांश जागा राखीव नव्हत्या. त्यासाठी ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती व्हावी लागली. त्या १९९३ मध्ये लागू झाल्या. महाराष्ट्रात निम्म्या जागा मिळाल्या त्या २०११ मध्ये.

त्याहून मोठा बदल जमिनीचा. शहर जवळ आलं की खाचराचा प्लॉट होतो आणि भाव चढतो. पण १९८२ मध्ये हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मापासूनचा हक्क नव्हता. महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये दिला, तोही आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. ती अट देशाच्या कायद्यानं २००५ मध्ये काढली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री यामुळे मोडत नाही. सख्यांनो, हिशेब करून पाहा. गाव शहरात गेलं १९८२ मध्ये आणि सगळ्या मुलींना हक्क मिळाला २००५ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत ज्या जमिनी गेल्या, त्या गेल्या. आणि हा कायदा आमच्या आदिवासी बहिणींना तर आजही आपोआप लागू होत नाही.

आता संपाकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलं नाही, तो विरत गेला. फोटोंत मोर्चे दिसतात, मोर्चांत बहुतेक पुरुष. एके काळी गिरण्यांत बायकाही मोठ्या संख्येनं कामाला होत्या, पण तोवर त्यांचं प्रमाण फार घटलं होतं. मग बायका कुठे होत्या? लालबाग-परळच्या चाळींत कामगारांची खानावळ चालवत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच खानावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. कामगाराचा पगार थांबला की खानावळीची चूलही अडते. आणि कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात गावाकडची शेती सांभाळणाऱ्या बायका मनिऑर्डरची वाट बघत होत्या. संपाचा भार त्यांनीही उचलला, पण संपकऱ्यांच्या आकड्यात त्या नाहीत.

राज्यातलं राजकारणही त्या वर्षी हललं. जानेवारीत बॅरिस्टर अंतुले पायउतार झाले आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. जुलैत ग्यानी झैलसिंग राष्ट्रपती झाले. त्याच जुलैत, १२ तारखेला, शेती आणि ग्रामीण कर्जासाठी नाबार्ड ही बँक स्थापन झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं ग्रामीण महिला आणि बालकांच्या विकासासाठी ‘ड्वाक्रा’ योजना सुरू केली. सुरुवातीला देशातल्या फक्त ५० जिल्ह्यांत. पंधरा-वीस गरीब बायकांनी एकत्र यायचं, गटाला पंधरा हजार रुपयांचं फिरतं भांडवल मिळायचं. गट सगळीकडे चालले नाहीत, काही अनुदान संपताच मोडले. पण ‘एकटीला नाही, गटाला पैसे’ ही गोष्ट सरकारी कागदावर आली. पुढे १९९२ मध्ये नाबार्डनं ५०० बचत गट बँकांशी जोडून पाहिले. १९९९ मध्ये ड्वाक्रा स्वर्णजयंती योजनेत मिसळली, आणि तिथून आपण आजच्या ‘उमेद’पर्यंत आलो. आपल्या गटाचं पासबुक हातात घ्याल तेव्हा हे साल आठवा.

नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, १५ तारखेला पवनारला विनोबा गेले. अन्न, पाणी आणि औषध सोडून त्यांनी देह ठेवला. भूदानाचे विनोबा सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी १९५९ मध्ये पवनारला बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, तिथला कारभार बायकाच पाहतात, हे मात्र कमी सांगितलं जातं. आणि स्मिता पाटीलचा ‘उंबरठा’ही याच सालचा. घर सोडून महिलाश्रमाची नोकरी करायला निघालेल्या बाईची ती गोष्ट.

विनोबा गेल्यावर चारच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, दिल्लीत एशियाड सुरू झालं. त्याच वर्षी टीव्ही रंगीत झाला. भारतानं १३ सुवर्णपदकं मिळवली. पण पुरुष हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून आपण १-७ असे हरलो, आणि आजही त्याच हरण्याची चर्चा होते. त्याच स्पर्धेत महिला हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि सुवर्णपदक आपल्या मुलींनी जिंकलं. कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. पुढच्या वर्षी तिला पद्मश्री मिळाली. केरळच्या एम. डी. वलसम्मानं ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण जिंकलं. पी. टी. उषा तेव्हा अठरा वर्षांची होती, तिनं दोन रौप्यपदकं घेतली. गावात कुणाला विचारून पाहा, १-७ पटकन आठवेल, एलिझाचं नाव विचार करूनही सांगता येणार नाही.

म्हणून या महिन्याच्या बैठकीसाठी एक काम सुचवतो. गटातल्या सगळ्यात थोर दोन बायकांना मध्ये बसवा आणि विचारा : १९८२ मध्ये पाणी कुठून आणायचात? मजुरी किती मिळायची? घरातला कुणी गिरणीत होता का? जमिनीच्या कागदावर सही कुणी केली, तुम्हाला कुणी विचारलं का? त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत गटाच्या वहीत उतरवा आणि खाली तारीख घाला. ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांनी सातबाराही काढून आणा, त्यावर कोणत्या बाईचं नाव आहे ते बैठकीत मोठ्यानं वाचा. कुणाचं नाव राहिलं असेल तर पुढच्या बैठकीत तलाठी कार्यालयात कोण कुणाबरोबर जाणार ते ठरवा.