माफीचा शिक्का

मुंबई बेट १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकणारा राजा, अशी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची आपल्याकडे ओळख. मला मात्र तो आठवतो त्याने दिलेल्या एका माफीमुळे.

अर्ल ऑफ डॅन्बी, म्हणजे थॉमस ऑस्बर्न, हा चार्ल्सचा खजिनदार. राजाला कायमच पैशाची चणचण आणि पार्लमेंटचा हात आखडता. मार्च १६७८ मध्ये पार्लमेंट फ्रान्सशी लढण्यासाठी पैसे मंजूर करत होतं, आणि नेमकं तेव्हाच डॅन्बीने पॅरिसमधला राजदूत राल्फ मॉन्टेग्यूला पत्र लिहिलं: फ्रान्सच्या लुईकडे पैसे माग! पत्राखाली ‘हे माझ्या संमतीने’ अशा अर्थाची ओळ चार्ल्सने स्वतःच्या हाताने लिहिली होती. पुढे मॉन्टेग्यूचं दरबाराशी फाटलं, तो खासदार झाला, आणि डिसेंबरात ही पत्रं कॉमन्स सभागृहात वाचली गेली.

राजाला हात लावता येत नव्हता, मंत्र्याला येत होता. महाभियोग हे त्यासाठीचंच हत्यार: आरोप कॉमन्सने ठेवायचे, निवाडा लॉर्ड्सनी द्यायचा. चार्ल्सने पार्लमेंटच बरखास्त केलं. नवं पार्लमेंट भरायच्या आत, १ मार्च १६७९ ला, त्याने डॅन्बीला माफीपत्र देऊन टाकलं.

इथला तपशील मला भारी वाटतो. माफीपत्रावर तेव्हा राजमुद्रा लागायची आणि ती लॉर्ड चॅन्सेलरच्या ताब्यात असायची. कॉमन्सने चौकशीला माणसं पाठवली तेव्हा चॅन्सेलर फिंच म्हणाला, शिक्का मी मारलाच नाही. राजाने मुद्रा मागवली आणि तिची थैली वाहणाऱ्या नोकराला शिक्का उठवायला लावला. त्या क्षणी मुद्रा माझ्या ताब्यात होती असं मी धरत नाही, हा त्याचा पवित्रा. सरकारी बाबू हात कसे झटकतो, ते साडेतीनशे वर्षांत बदललेलं दिसत नाही.

महाभियोगातल्या माफीला तोवर कुठल्याही कायद्याची मनाई नव्हती. पण कॉमन्सचा मुद्दा साधा होता: राजाच्या हुकमाने गुन्हा करायचा आणि राजानेच माफ करायचं, मग मंत्र्याला जाब विचारणार कोण? मे महिन्यात त्यांनी माफी बेकायदा ठरवली. डॅन्बीबद्दल मला कळवळा नाही, पण पत्राखालची ती ओळ पाहिली की वाटतं, चार्ल्स वाचवत होता तो स्वतःला. खटला शेवटाला गेलाच नाही. माफीपत्र हातात असूनही डॅन्बी जवळजवळ पाच वर्षं टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत राहिला.

१७०१ च्या ‘ॲक्ट ऑफ सेटलमेंट’ने ही फट बुजवली. राजाची माफी पुढे करून महाभियोग अडवता येणार नाही, असं त्यात आलं. नीट पाहा, शिक्षा झाल्यावर माफी द्यायची वाट मोकळीच राहिली. आधी सगळं उजेडात येऊ दे, दया मग. अमेरिकेने १७८७ च्या राज्यघटनेत आणखी कडक शब्द घातले: राष्ट्राध्यक्ष माफी देऊ शकतो, महाभियोगाची प्रकरणं सोडून.

तरी निक्सन सुटला. महाभियोगावर सभागृहात मतदान व्हायच्या आधीच, ९ ऑगस्ट १९७४ ला तो पायउतार झाला, आणि ८ सप्टेंबरला जेराल्ड फोर्डने त्याला माफ केलं. काँग्रेसला ती माफी रद्द करता येत नव्हती; प्रश्न विचारता येत होते. १७ ऑक्टोबरला फोर्ड स्वतः उपसमितीसमोर येऊन बसला. न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ होल्ट्झमन या तरुण सदस्येने तोंडावर सौदेबाजीच्या संशयाचा विषय काढला. फोर्डने ठाम नकार दिला.

डॅन्बीचं पुढे काय झालं? १६८८ च्या राज्यक्रांतीत त्याने बाजू बरोबर निवडली आणि तो ड्यूक झाला. १६९५ मध्ये त्याच्यावर पुन्हा महाभियोग आला. या वेळी आरोप होता लाच घेतल्याचा, आणि तीही मुंबईची भाडेकरू असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीकडून. तोही खटला शेवटाला गेला नाही.